सासूबाईंचा मासा

रविवार, ४ फेब्रुवारी

आलो एकदाचे. दोन खोल्या, समोर समुद्र. एका खोलीत नवरा आणि त्याचे गळाचे रॉड, दुसरीत सासूबाई आणि मी. "आईला परक्या ठिकाणी एकटं नको," असं त्यानं हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं. सबब चांगली आहे. मला सुचली नसती.

ठरलंय ते लिहून टाकते, म्हणजे डोक्यात घोळत राहणार नाही. आम्ही वेगळे होतोय. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. लेकीला सांगून झालं. ती फोनवर "बरं" म्हणाली. राहिल्या सासूबाई. त्यांना घरी परतल्यावर सांगायचं. सहल आधीच ठरलेली होती. नवरा म्हणाला, "आईची एक सहल तरी सुखाची होऊ दे." होऊ दे की! माझं काय जातंय.

त्याला गेल्या वर्षापासून मासेमारीचं वेड लागलंय. खोल समुद्रात जायचं, मोठ्ठा मासा गळाला लावायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. आजवर नुसता घरी सोफ्यावर बसून व्हिडिओ बघायचा. मग दिवाणखान्यात उभं राहून सराव. एकदा गळ पडद्यात अडकला, पडदा दांडीसकट खाली आला. तेव्हा मी हसले होते का? आठवत नाही. बहुतेक नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी

सकाळी बोटीवर. कप्तान जाडजूड, कमी बोलणारा, खालचे पुढचे दात गेलेले. मी कवळ्या बनवते, त्यामुळे मला आधी तोंड दिसतं, माणूस नंतर. मदतनीस म्हणजे त्याचाच मेहुणा. त्याचे दात सुरेख, बोलणं वाह्यात.

डेकच्या मधोमध एक खुर्ची पक्की बसवलेली. पाय टेकायला फळी, रॉड रोवायला खोबण. मोठा मासा लागला की त्यात बसून ओढायचं. आमच्या डॉक्टरांच्या खुर्चीची थोरली बहीणच!

नवरा गॉगल, हातमोजे, खिशाखिशांचं जाकीट घालून तयार. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. किनारा दिसत होता तोवर मला आमिष कसं ओढतात, बोट थांबवत का नाहीत, सगळं समजावून सांगत होता. मग गप्प झाला. मग हिरवट. मग कठड्यावर ओणवा.

"साहेब माशांना नाश्ता घालतायत," मेहुणा म्हणाला.

सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. समुद्रात पहिल्यांदाच. पाय पसरून बिस्किटं खात होत्या. "लहानपणी बसमध्येही असाच करायचा," त्यांनी कप्तानाला सांगितलं. "पुढे बसणाऱ्याचा सदरा कायमचा गेला म्हणून समजा." नवऱ्यानं ऐकलं असणार. पाठ हलली त्याची.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवतात म्हणून. तो म्हणाला, "थँक्यू." मी म्हटलं, "असू दे."

मासा नाही. लवकर परत.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

नवरा आडवा. आम्ही दोघी व्हरांड्यात पत्ते खेळलो. सासूबाई लबाडी करतात. पकडलं तर आणखी करतात.

बुधवार, ७ फेब्रुवारी

हात दुखतायत, अक्षर वेडंवाकडं येतंय. पण आजचं आजच लिहायला हवं.

नवरा धक्क्यापर्यंत आला. डिझेलचा वास आला आणि परत फिरला. "तुम्ही जा," म्हणाला, "बोट ठरलेली आहे." तोंड एवढंसं झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, "चल गं, आपण फिरून येऊ," जशी काही रिक्षाच करायची आहे.

पाणी सपाट. मागे चार दोऱ्या सोडलेल्या, आमिषं पाण्यावर उड्या मारत येतायत. सासूबाईंनी कप्तानाला विचारलं, "पकडून सोडून द्यायचा, तर पकडायचा कशाला?"

"लोकांना आवडतं," तो म्हणाला.

"लोकांना काहीही आवडतं."

तेवढ्यात एका रिळाचा आवाज सुरू झाला. करकरकर! दोरी पळायला लागली. मेहुण्यानं रॉड उचलला आणि ओरडला, "कोण बसतंय?" मी मागे सरले. सासूबाई खुर्चीत! साडीचा पदर खोचला, पट्टा बांधून घेतला, चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो आई, काय करताय?" त्यांनी ऐकलंच नाही.

मासा लांबवर पाण्याबाहेर आला. निळाकाळा, चोच भाल्यासारखी, पाठीवर उघडलेल्या पंख्यासारखा पर. "शिडमासा!" कप्तान पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. मासा हवेत तिरका झाला आणि धप्पकन पडला. सासूबाईंच्या तोंडून शिवी गेली. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती.

मग ओढाओढ. रॉड वर घ्यायचा, खाली आणताना रीळ फिरवायचं. मेहुणा सांगत होता, त्या करत होत्या. मासा ओढून न्यायचा, त्या परत आणायच्या. मी मागून खुर्ची धरलेली, कप्तान म्हणेल तशी फिरवत होते. मध्येच त्यांनी मान वळवली, वरची कवळी काढली आणि माझ्यापुढे केली.

"धल गं! दात आवलता येत नाहीत हिच्यानं!"

ती कवळी मीच बनवलेली. एका हातात सासूबाईंचे दात, दुसऱ्या हातानं खुर्ची, असं काही माझ्या आयुष्यात होईल असं वाटलं नव्हतं. मी ओरडत होते. काय ओरडत होते कोण जाणे. "ओढा, आई, ओढा!" असंच काहीतरी. घसा बसलाय.

शेवटी मासा बोटीला लागला. डोळा एवढा मोठा! अंगावरचा निळा रंग येत होता, जात होता. मेहुण्यानं चोच धरून गळ काढला आणि बोटीबरोबर त्याला हळूहळू पाण्यातून चालवलं, दम यावा म्हणून. सासूबाई कठड्याशी वाकून बघत राहिल्या. मासा एकदम वळला आणि खाली गेला. कप्तानानं फोटो काढला. फोटोत त्या बोळक्यानं हसतायत आणि माझी मूठ मिटलेली आहे.

कवळी गोड्या पाण्यानं धुऊन दिली. त्यांनी बसवली. परतीच्या वाटेवर इंजिनाचा आवाज होता, पुरुष दोघं पुढे होते. मग म्हणाल्या,

"तुम्ही वेगळे होताय ना?"

मी म्हटलं, "त्यानं सांगितलं?"

"त्याची काय छाती! तुम्ही भांडायचं थांबलात. एकमेकांना थँक्यू म्हणता. घरात कोणी थँक्यू म्हणतं का?"

मी त्यांच्या चपला पायाशी सरकवल्या.

"त्याचं बाहेर काही?"

"नाही."

"तुझं?"

"नाही हो."

"मग झालं काय?"

"सांगता येत नाही, आई."

"मग खरं असेल," त्या म्हणाल्या. "सांगता आलं असतं तर मिटवता आलं असतं." आणि थोड्या वेळानं, "आपलेच दात, आपलेच ओठ. मी कोणाला बोलू?"

तळवे बघितले त्यांचे. सोलवटले होते. माझ्याकडे मलम होतं, मी लावलं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं, आईंना कळलंय. तो पलंगावर बसला. "कधी?" म्हणाला. "कसं?" म्हणाला. मग त्यांच्याकडे गेला. मी बाहेर धक्क्यावर जाऊन बसले. जाळी दुरुस्त करणारी माणसं एका गोष्टीवरून खूप हसत होती.

दुपारी तो आला. डोळे लाल. म्हणाला, "आई माझ्याकडेच राहणार. म्हणते, तुला साधा चहा करता येत नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"तुला वाईट नाही ना वाटलं?"

"त्यात वाईट काय? तू मुलगा आहेस."

पण वाटलं. लिहायला काय हरकत? नवरा जाणार याची मनाची तयारी होती. ती करायला वर्षं मिळाली. ह्या जाणार हे डोक्यातच आलं नव्हतं. आजारपणात माझ्या उशाशी त्या बसलेल्या. लेक झाली तेव्हा डॉक्टरांशी भांडलेल्या त्या. आणि कागदावर नातं कोणाचं, तर त्यांच्या मुलाचं नि माझं! ते सुटलं की हे आपोआप सुटलं. दात मी बनवले म्हणून काय, तोंड त्यांचं.

संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखे पत्ते वाटले. नेहमीसारखी लबाडी केली. मी पकडली नाही.

"लक्ष कुठंय तुझं?" त्या चिडल्या.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

नवरा गोळी खाऊन बोटीवर गेला. एकटा. दोनदा उलटी केली म्हणाला, पण टिकला! मासा वीतभर. फोटोत असा उभा आहे की देवमासाच मारलाय. आम्ही तिघंही हसलो. मनापासून हसलो, हे लिहून ठेवते.

तो वाईट माणूस नाही. कधीच नव्हता.

सामान भरलं. सासूबाईंची बोटीवरची साडी नीट धुतलीच गेली नाही, मिठानं कडक झालीय.

शनिवार, १० फेब्रुवारी

विमानतळ. नवरा बॅगांच्या रांगेत. मी पाण्याची बाटली आणली. "अहो आई, गार आहे, जपून."

"अहो नको म्हणूस आता," त्या म्हणाल्या. "अहो सासूला म्हणतात. सासूपण संपलं माझं. बाकीचं नाही संपलं."

"मग काय म्हणू?"

"तुझ्या आईला काय म्हणायचीस?"

जीभ उचलेना. आजूबाजूला माणसं होती, घोषणा चालल्या होत्या. मग म्हटलं, "अगं आई, पाणी गार आहे."

"दिसतंय गं मला," ती म्हणाली, आणि बाटली घेतली.