जाहिरातीतलं गेट

आणि तरीबी तुमचंच खरं धरायचं का, अण्णा? ‘कंपनी पुन्हा सुरू होणार’ म्हणत वाळूजच्या त्या बंद गेटासमोर बसून राहिलात. बाकीचे हिशेब घेऊन मोकळे झाले, तुम्ही सही केली नाय. माझी शाळा नववीतच सुटली ती त्या हट्टापायी. तुम्ही जाऊन सात वर्षं झाली, मी इथं चेन्नईजवळ गाड्यांना दारं बसवतो, पण हे भांडण काही मिटत नाय.

परवा जेवताना कँटीनच्या टीव्हीवर जाहिरात लागली. आम्ही बनवतो त्याच गाडीची. बघतो तर आपलं शहर. कारखान्याचं बंद गेट, अन् एक म्हातारा कामगार त्याला झेंडूचं तोरण बांधतोय. कुलूप निघतं, धुरळ्यातून नवी गाडी येते, कुणीतरी जड आवाजात म्हणतं, ‘हे शहर पुन्हा उभं राहतंय.’ आई सांगते, हेच वाक्य सध्या गारखेड्यात निवडणुकीच्या फ्लेक्सवर हाय. कंपनी कुणी बंद केली, त्यावर एक शब्द नाय.

तोरण तर तुम्ही बांधायचात. खंडेनवमीला मशीनची पूजा करायला आत सोडत नव्हते, म्हणून बाहेरून, कुलपावरच. तुमच्या लाइनवरचे चाचा खाली वाकलेत, त्यांच्या पाठीवर पाय देऊन तुम्ही सुतळी ओढताय. “जल्दी बांधो भाऊ, कंपनी तो गई, अब मेरी कमर बी जा री!” तुम्ही दोघं हसताय अन् मी लांब उभा, कुणी ओळखीचं बघत तर नाय ना म्हणून. जाहिरातवाल्यांनी तोरण घेतलं, चाचा घेतले नाय.

“तेरा शहर तो चमक गया रे,” शेजारचा बिहारी म्हणाला. “फिर तू यहाँ क्या कर रहा है?” ताट अर्धं टाकून उठलो.

हा कागद कुठल्या टपालात टाकायचा नाय, म्हणून खरं ते लिहितो. त्याच दिवशी सुट्टी झाल्यावर मी वाळूजच्या लेबर ठेकेदाराला फोन लावला.

“भरती हाय का?”

“निघंल, निघंल. निवडणूक होऊ दे. नाव लावून ठेव, मागून गर्दी हुईल.”

त्याचा आवाज ऐकूनच कळत होतं तो कसला माणूस हाय. तरी लावलं. नाव लावायचे दोन हजार त्यानं तिथल्या तिथं मोबाईलवर मागून घेतले. आईला पाच हजार धाडत असतो. या महिन्याला तीन हजार.