काठी पुढच्या दारात

मंगळवार, संध्याकाळ

आज आष्टीले तहसील ऑफिसात बाबूनं ठरावाची झेरॉक्स दाखवली. गावामागची टेकडी सोलर कंपनीले द्यायले ग्रामसभेची हरकत नाई, असं लिहिलं होतं. खाली पहिली सही माझी. वनहक्क समितीची अध्यक्ष मी, अन् सही माझीच.

सही खोटी नाई. आमच्याकडे सभेत आल्या आल्या कोऱ्या पानावर सह्या करतात, ठराव मागून सरपंच लिहिते. ठरावावर जी तारीख होती, त्या दिवशी सभा तेंदूपत्त्याची होती. आम्ही गोंड बाया सह्या करून घरी आलो. नामदेवभाऊ सरपंच, आपलाच माणूस. मागून पान काऊन नाई पाह्यलं मी?

टेकडी राखायले त्यानंच शिकवलं. रोज एका घरानं राखण करायची, अन् संध्याकाळी राखणीची काठी पुढच्या घराच्या दारात ठेवायची, म्हणजे उद्या त्यांची पाळी. ती काठीबी त्यानंच तासलेली.

येताना त्याच्या घरी गेली. खाली पाहून म्हणे, "ताई, वरून लय दबाव होता. तुमाले विचारलं असतं तर तुम्ही नाई म्हटलं असतं."

म्हणजे माहीत होतं त्याले.

आज पाळी आमची होती, सून गेलती टेकडीवर. काठी अजून माझ्याच दारात आहे. पुढचं दार नामदेवभाऊचं. ठेवू का नको, केव्हाची बसली आहे.

ठेवून आली. ज्या हातानं ठराव लिहिला, त्याच हातानं उचलावी लागन सकाळी.