हाडं आणि डोळे तेवढे ठेवा

प्रिय दावी,

परवा फोनवर तू हसत म्हणालीस, "आई, माझा वर्ग आता चिडीचूप असतो. वेत नुसता टेबलावर ठेवला की पुरे." फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडं आहे. भज्यांच्या पुडीच्या कागदांवरून वाचायला शिकलेल्या बाईचं ते तसंच असणार.

तुझा वुथीदादा ताडावरून पडला म्हणून डाव्या कानानं बहिरा झाला, असं मी तुला सांगत आले. ते खोटं आहे.

तो सात वर्षांचा होता. तुझे बाबा शेतात पुरलेल्या सुरुंगावर पाय पडून गेले, त्याला वर्ष झालं होतं, तू पाळण्यात होतीस. मी त्याला शाळेत नेलं आणि आपल्याकडे सगळ्या आया म्हणतात तेच सामोन गुरुजींना हात जोडून म्हणाले, "हाडं आणि डोळे तेवढे मला ठेवा, बाकी पोरगा तुमचा." गुरुजी म्हणाले, "काळजी नको, सरळ करून देतो." मला बरं वाटलं. बाप नाही, निदान धाक तरी असावा.

तिसऱ्या महिन्यात त्याचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर तो फळ्यासमोर फणसाच्या सालीवर गुडघे टेकून, हात वर करून होता. काटे वरच्या बाजूला. तास चालू असताना हसला होता, एवढंच. गुरुजींनी विचारलं, "काय रे, आता येतं का हसू?" आणि आपला आगाऊ वुथी म्हणाला, "थोडं थोडं येतं." सगळा वर्ग खिदळला. मग गुरुजींनी बांबूची काठी घेतली. पाठीवर, मानेवर, मग डाव्या कानावर. नऊ फटके मी मोजले. रक्त गळपट्टीत उतरलं, मुतानं चड्डी भिजली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही. हाडं शाबूत होती, डोळे शाबूत होते. गुरुजींनी माझा शब्द पाळला होता. घरी आल्यावर मीही त्याला बदडलं. म्हटलं, "गुरुजींना उलटून बोलतोस मेल्या?"

त्यानंतर तो वर्गात गप्प बसायला लागला. गुरुजी म्हणाले, सुधारला. सुधारलेला वुथी वाटेत कुत्र्यांना दगडानं ठेचायचा, मग धाकट्या पोरांना बुकलायला लागला. तुझ्या भुवईवरचा व्रण त्याचाच. अठराव्या वर्षी गुत्त्यावर कुणी त्याला बहिरा म्हणालं, म्हणून त्यानं बाटलीनं त्याचं डोकं फोडलं, आणि त्या माणसाच्या भावानं याच्या पोटात सुरी खुपसून जीव घेतला. ते तुला ठाऊक आहे. आता त्याच्या आधीचंही ठाऊक झालं.

हे आज का सांगतेय? तुझ्या वर्गातली बडबडी थिदा मंगळवारपासून माझ्याकडे आहे. तिची आजी बाजारात माझ्या शेवयांच्या गाड्याशेजारी मासे विकते; पोर शाळेत जाईना, म्हणून तिनंच माझ्याकडे ठेवली. पोरीची करंगळी मोडलीय. शाळेचं नाव काढलं की दाराआड जाऊन बसते. "बाईंची पट्टी सपाट लागत नाही, धारेवर उभी लागते," असं मला समजावून सांगत होती. तू माझी मुलगी, हे तिला माहीत नाही. काल तिच्या हातून शेवयांच्या पिठाचं मडकं फुटलं आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मी खाली बसले. म्हटलं, "फुटलं. आता काय करू या?" मग हात खाली आले. एका हातानं तिनं खापऱ्या वेचल्या, जमीन पुसली, आणि आज पहाटे मी न सांगता पीठ मळायला येऊन बसली. मी शिक्षिका नाही, पण एवढं मला दिसलं. रविवारी ये. खाऊ आणू नकोस, कारणं सांगू नकोस. तिच्यासमोर जमिनीवर बस आणि "मी चुकले" म्हण. ती कदाचित बोलणार नाही. तुझा वर्ग महिनाभर गोंगाट करेल, बाकीचे शिक्षक तुला हसतील. हसू देत. पण रविवारी तू आली नाहीस, तर सोमवारी मी थिदाला घेऊन मुख्याध्यापकांकडे जाईन, आणि तिला कुणी मारलं ते माझ्याच तोंडानं सांगेन.

तरीही तुझीच,
आई