चाळीस चौकोन आणि सर्जाचं पाणी

४ फेब्रुवारी
पुन्हा चौकोन. माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं. कामशेतला रशीदभाईंच्या दुकानात तीच फाइल उघडली की प्रत्येक ध्वनिचिन्हाच्या जागी रिकामा चौकोन. चाळीस चिन्हं, चाळीस चौकोन. र.भाई लग्नपत्रिका छापतात, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. म्हणाले, "मॅडम, ही कुठली भाषा?" म्हटलं, बैलाशी बोलायची. हसले. मी खरं तेच सांगितलं होतं. बेडशाचे आबा, माझे मामा, आपल्या सर्जाला ज्या हाका घालतात त्यांची पुस्तिका करतेय. टाळूवर वाजवलेली जीभ, ओठांची फुर्र, ते चुचकारणं, यातलं काय बाराखडीत बसतं? म्हणून ही भाषाशास्त्राची चिन्हं. निवृत्त बाईनं नसते उद्योग करू नयेत हेच खरं.

६ फेब्रुवारी
र.भाईंना फॉन्ट टाकून दिला. चिन्हं आली, मराठी गेली. त्यांचा मराठी फॉन्ट बाबा आदमच्या काळातला. फॉन्ट काढला, पुन्हा चौकोन. तीन तास वाया. भाची फोनवर, "मावशी, सरळ रेकॉर्डिंगच ऐकव ना लोकांना!" रेकॉर्डिंग जुन्या फोनसोबत तुंगार्लीच्या तलावात गेलं, दिवाळीत. सेल्फी काढत होते. माझीच. त्याआधी सगळं चिन्हांत उतरवून ठेवलं होतं म्हणून वाचले. पेनड्राइव्ह र.भाईंकडेच ठेवून आले.

९ फेब्रुवारी
आबांना झटका आला. तळेगावच्या दवाखान्यात आहेत. जिवावरचं टळलं म्हणतात. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं. मला ओळखलं, बोलायला गेले, नुसती घरघर. पुढे लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी
आबा घरी आले. सुमनवहिनींचा, म्हणजे आबांच्या सुनेचा फोन. "वन्सं, सर्जा नीट पानी पीत न्हाई. नुसतं तोंड भिजवितो. डॉक्टर म्हनतो दुखनं कायबी न्हाई. ह्यांनी लय चुचकारलं, पर आबांच्या हाळीबिगर त्यो कवा पेलाच न्हाई. तुमी लिहून नेलतं न्हवं?"
व्हय वहिनी, नेलतं. पण ते पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह कामशेतला. लॅपटॉपवरही त्यावरूनच उघडायचे, दुसरी प्रत नाही. 'प्रत ठेवा, प्रत ठेवा' म्हणून पोरांवर तीस वर्षं ओरडले ती मीच.

१६ फेब्रुवारी
र.भाई खुशीत होते. "मॅडम, तुमच्या फाइलीत लय कचरा होता. उगाच उभ्या रेघा, जागोजागी उद्गारचिन्हं, चौकोन तर विचारू नका. सगळं साफ करून सेव्ह केलं."
त्या रेघा म्हणजे आबांची जीभ होती! दुकानात उभी राहून ओरडले. शेजारचा चहावाला किटली घेऊन बघायला आला. माणसाचा आवाज गेला, तो एका फाइलीत तेवढा उरला होता, तिथं यांनी झाडू मारला. र.भाईंचा चेहरा पडला. मी तशीच निघाले. स्टेशनच्या रस्त्यावर रडू आलं. स्वतःचा राग जास्त.

१७ फेब्रुवारी
सकाळपासून आरशासमोर जीभ वाजवतेय. पाण्याच्या हाकेत आधी फुर्र की आधी टक्? आठवत नाही. वहिनींचा दोनदा फोन. उचलला नाही. भ्याड.

१८ फेब्रुवारी
र.भाई स्कूटरवर थेट तुंगार्लीला, माझ्या दारात. हातात पाकीट. पहिल्याच दिवशी मी त्यांना स्क्रीनचे फोटो पाठवले होते, 'असं दिसायला हवं' म्हणून. मी जागा करायला चॅटसकट पुसले, त्यांच्याकडे राहिले. ते बघून पठ्ठ्यानं फोटोतली सगळी चिन्हं ब्रशनं काढलीत, पाटीवरच्या अक्षरांसारखी सावली देऊन. पत्रिकेच्या जाड कागदावर. वर गणपती.
"गणपती कशाला, रशीदभाई?"
"त्याच्याशिवाय आपल्याकडनं कागद बाहेर जातच नाही, मॅडम."
चिडायचं होतं. चहा टाकला.
ते गेल्यावर मोजलं. एकोणचाळीस. पाण्याच्या हाकेतलं शेवटचं चिन्ह माझ्या फोटोतच कापलं गेलंय. तिथं शीळ घातल्यासारखं काहीतरी होतं एवढंच आठवतं. देवा.

१९ फेब्रुवारी
बेडसे. सर्जाच्या बरगड्या दिसतात. आबांची खाट गोठ्याच्या दाराशी आणून ठेवलेली. मी कागद धरून उभी, वहिनी बादली घेऊन. दोनदा टक्, मग फुर्र. सर्जानं कान हलवला, बस. पुन्हा केलं. पुन्हा कानच. कागद तिथंच संपत होता. तिसऱ्यांदा केलं आणि चिडून म्हटलं, "पुढचं नाहीये हो माझ्याकडं!"
मागून आवाज आला. आबा. तोंडाच्या चांगल्या बाजूनं शीळ घालू बघत होते. शीळ झालीच नाही, नुसती हवा, सुस्स, आणि हनुवटीवर लाळ. मी लाळ पुसायला पुढं झाले तर डाव्या हातानं मला बाजूला केलं. परत सुस्स.
सर्जानं मान वळवली. माझ्याकडं नाही, खाटेकडं. दावं ताणून दोन पावलं आला. वहिनींनी बादली हळूच पुढं सरकवली.
मी सवयीनं पुन्हा टक् करायला गेले.
"वन्सं," वहिनी हळूच म्हणाल्या, "आता तुमी गप ऱ्हावा."