दुसरा हात सुनेचा

बुऱ्हाणपूर, १२ जानेवारी

प्रिय बाबा, वाकून नमस्कार.

ताप उतरलाय. जेवणही व्यवस्थित चाललंय, काळजी करू नका. तुमचा गुडघा कसा आहे?

तुम्ही वर्गात सांगायचात, प्राचीन अथेन्सचे लोक टेकडीवर जमून, हात वर करून निर्णय घ्यायचे. बायकांना मात्र तिथे मत नव्हतं. काल आमची संस्था एका खेड्यात ग्रामसभेला गेली होती. शाळेचं मैदान केळीच्या ट्रकांना द्यायचं, असं निवडून आलेल्या पंचांनी आधीच ठरवलं होतं. बायकांचे हात मी मोजत होते.

धुरपदाबाई नावाच्या आजींनी विरोधात दोन्ही हात वर केले. "एक माझा, एक सुनेचा. तिचं लेकरू लहान हे."

"आजी, सुनेला स्वतः यावं लागेल," मी म्हटलं.

त्या तडक घरी गेल्या आणि सुनेला घेऊन आल्या. डोक्यावरचा पदर सावरत, लेकरू सासूकडे देऊन ती उभी राहिली.

"पंचांना आम्हीच निवडलं. पण मैदान देऊन टाका, असं कधी सांगितलं?"

मग एकेक करत इतके हात वर आले, की मला दोनदा मोजावे लागले. मैदान वाचलं, बाबा.

आई आपल्या ग्रामसभेला कधी गेली आहे का हो? मी तिला कधी विचारलंच नाही.

तुमची लाडकी,
चारुलता