एका दरवाजाची अब्रू

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनानेच. सध्या कंबर वाकवली तर सरळ होत नाही आणि सरळ केली तर वाकत नाही. कारण पुढे येईलच.) तुमची साखर, वहिनींचा गुडघा आणि तुमच्या गच्चीवरचे गुलाब तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे तुमची बहीण ठीक आहे आणि मी आहे.

तुम्ही पाठवलेला डबा मिळाला. हातमोजा, फडकी, पॉलिश, मेण आणि ती साबणाच्या वडीसारखी दिसणारी मऊ वडी, सगळं सुखरूप पोचलं. आता हे सामान मी मागवलं कशाला ते सांगतो. मागल्या महिन्यात आमची गाडी भर चौकात बंद पडली आणि मागचे सगळे हॉर्न आमच्या नावाने शंख करू लागले. तेव्हा तुमची बहीण म्हणाली, "विकून टाका ही एकदाची." बस्स. मी एका शब्दाने विरोध केला नाही. तिने म्हटलं ना, मग विकायची. मागच्या गल्लीतले दंतवैद्य जुनी गाडी शोधत होते, त्यांना रविवारी बघायला बोलावलं. आणि त्याच क्षणी ठरवलं की गाडी जायचीच असेल तर तिने निदान तोंड धुऊन जावं, आणि ते तोंड मीच धुवायचं. धुलाई केंद्रात देऊन टाका असं शेजारीपाजारी म्हणाले. पण इतक्या वर्षांच्या सोबतीणीला शेवटची आंघोळ परक्याच्या हातून घालायला मी काही इतका निगरगट्ट नाही.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. आधी नमुन्यादाखल एकच दरवाजा, चालकाशेजारचा पुढचा. पाणी मारलं, हातमोजा फिरवला, पॉलिशचं बोट लावलं आणि जेवायला गेलो. जेवून जरा पडलो. उठून बघतो तर काय, दरवाजा आरशासारखा! आणि निळा! (आपली गाडी राखाडी आहे असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.) दादा, माझ्या हातात हा गुण आहे हे मला या वयात कळावं! पॉलिश वाळता वाळता आतून काम करत असणार, असा मी निष्कर्ष काढला आणि खुशीत चहा मागितला.

तेवढ्यात दंतवैद्य एक दिवस आधीच टपकले. गाडीभोवती एक चक्कर मारली, त्या दरवाजापाशी थांबले आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं, जशी दाढ तपासतात तशी. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दरवाजा बदललाय. अपघात कधी झाला होता?"

मी समजावलं, शपथ घेतली, पुसून दाखवलं. ते नुसते मान डोलवत होते. (दात दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटपुढे डोलवत असतील तशी.) अखेर विचार करतो म्हणून निघून गेले. वास्तविक मला आनंद व्हायला हवा होता, पण तळपायाची आग मस्तकाला गेली. या गाडीला आजवर साधा पोचा आलेला नाही! तेव्हाच पण केला की सबंध गाडी त्या दरवाजासारखी करून दाखवायची. विको न विको, पण अपघाताचा डाग घेऊन ती जाणार नाही.

बाकीचे दरवाजे मात्र कोडगे निघाले. तीच रीत केली, पाणी, हातमोजा, पॉलिश, जेवण, झोप. उठून बघतो तर जसेच्या तसे, वर उन्हात पॉलिश वाळून पांढरे पापुद्रे आलेले. मग शहाणपण सुचलं. गाडी सावलीत घेतली, बादल्या दोन केल्या, एक साबणाची आणि एक मोजा खळबळायची, आणि टपापासून खाली उतरत आलो. मधे रंगावरचा चिकट मळ ओढून काढायची ती मऊ वडी हातातून निसटून जमिनीवर पडली. पडलेली वडी पुन्हा वापरू नये असं डब्यावर लिहिलं आहे म्हणे, पण ते वाचायचा चष्मा साबणाच्या बादलीत होता. तिला चिकटलेल्या खड्यांनी बॉनेटवर जी नक्षी काढली ती घालवण्यात माझा अख्खा मंगळवार गेला. कंबरही मंगळवारीच गेली. पण हटलो नाही. शेवटी दिव्यांच्या खाचा पाटावर बसून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासल्या. या सबंध आठवड्यात तुमच्या बहिणीने एकही टोमणा मारला नाही, यावरून तिचा संताप ओळखावा. नुसती दारात बसून शेंगा सोलत बघत होती.

गुरुवारी गाडी संपूर्ण निळी झाली. दंतवैद्यांना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी बराच वेळ चारही दरवाजे न्याहाळले, आपली चूक झाली हे मोकळ्या मनाने कबूल केलं, आणि अशी गाडी शोधून सापडायची नाही, पुढच्या रविवारी किल्ली न्यायला येतो, असं सांगून गेले. अब्रू राहिली आणि गाडी गेली. असो. माणसाने हाती घेतलेलं काम तडीस न्यावं, एवढंच खरं. वहिनींना नमस्कार, गुलाबांना पाणी.

आपला,
मेहुणा

ता. क. दादा, खरं सांगू? मला गाडी विकायची नाही. काल तिच्यात नुसता बसून आलो. पण हिचा शब्द मी कसा मोडू? हिला कधी ऐकायचं झालंच तर ती तुमचं ऐकते. रविवारच्या आत फोन करून सहज म्हणा की असली गाडी विकू नये. मी सांगितलं हे कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. दादा, अक्षर ओळखलंस ना? पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं, पाकीट वाफेवर उघडलं. तो पहिला दरवाजा मी घासला. हे घोरत होते. इतकी वर्षं मी त्याच बाजूला बसले, तेव्हा दुसऱ्याच्या हाती जायच्या आधी एकदा आपल्या हाताने पुसावा असं वाटलं. पुसता पुसता निळा रंग निघाला आणि मला थांबवेना. उठल्यावर ह्यांनी सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. इतके खूश होते की मी बोललेच नाही. "विकून टाका" हे मी त्या हॉर्नच्या रागात म्हटलं होतं रे. हे खरोखरच गिऱ्हाईक आणतील असं कुठे वाटलं होतं? आता कुठल्या तोंडाने नको म्हणू? तूच ह्यांना फोन कर आणि विकू नका म्हण. माझं नाव घेऊ नकोस. रविवारची घाई नाही, पण हे दुसरं गिऱ्हाईक शोधायच्या आत कर. दंतवैद्यांकडे मी आज सकाळीच जाऊन आले. त्यांचं आधी बरोबरच होतं, अपघात झाला होता आणि चांगला मोठा झाला होता, असं सांगून आले. एवढं मात्र ह्यांना जन्मात कळू देऊ नकोस.