प्रसादने लिहिलेला भाग

शनिवार, संध्याकाळ

प्रसादला भेटून इथल्याच, दोन तासांवरच्या लंडनहून गाडीने आत्ताच टोरोंटोला परत आलोय. जेवावंसं वाटत नाही.

प्रसादकडे लॅपटॉप न्यायलाच नको होता का? पण दुसऱ्या कोणाला विचारणार होतो? आमच्या छोट्याशा प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी आम्ही दोघांनी तिच्यातले प्रोग्रॅम चालवणारं व्हर्च्युअल मशीन बांधलं आणि ओपन सोर्स करून सगळ्यांना वापरायला दिलं. त्यातला मेमरी मोकळी करणारा भाग एकट्या प्रसादचा. आता नेमका तिथेच बग निघालाय. लोकांचे प्रोग्रॅम मधेच बंद पडतात, आणि मला तो कोड काही केल्या उलगडत नाही.

स्ट्रोकनंतर प्रसाद बोलतो, हसतो, मला ओळखतो. वहिनी म्हणाल्या, "दाखवा त्यांना. कामाचं काही बघितलं की बरं वाटेल." म्हणून दाखवला.

उजवा हात आता चालत नाही, म्हणून डाव्या हाताने हळूहळू स्क्रोल करत त्याने सगळं वाचलं. मधे एकदा मान डोलावली. कोड आवडला की पूर्वीही अशीच डोलवायचा. मला वाटलं, आठवलं बहुतेक. तो डावा हात अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

"काय सुरेख लिहिलंय रे," तो म्हणाला. "कोणी लिहिलंय?"

वहिनी चहा आणायला म्हणून आत गेल्या. "आहे एक मित्र," म्हणालो.

"मग त्यालाच विचार ना बग कुठे आहे ते," प्रसाद म्हणाला. "हुशार दिसतोय. लगेच सांगेल."

"बरं," म्हणालो आणि लॅपटॉप मिटला.